निपाणीत थांबलेला दौरा

महात्मा गांधींचे चरित्र आपल्याला शाळेपासून पाठ असते. पोरबंदरचा जन्म, लंडनची बॅरिस्टरी, दक्षिण आफ्रिकेतील आगगाडीच्या डब्यातून झालेली हकालपट्टी, चंपारण, दांडी, चले जाव, आणि शेवटी दिल्लीच्या बिर्ला भवनातील ती संध्याकाळ. परीक्षेत टीप लिहायला एवढे टप्पे पुरतात. पण या चरित्रातला एक प्रसंग आपल्या निपाणीत घडला आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस गांधीजींचा खादीदौरा निपाणीत थांबला. सरकारने बंदी घातली म्हणून नव्हे, की सभेत दंगल झाली म्हणूनही नव्हे. तो थांबला गांधीजींच्या रक्तदाबामुळे.

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. रक्तदाब हा गादीवर बसून तूपरोटी खाणाऱ्यांचा विकार, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेतात राबणारा, बिड्या वळणारी, हमाली करणारा, काटकुळ्या अंगाचा माणूस यांना असले श्रीमंती दुखणे होत नाही, असे आपण धरून चालतो. गांधीजी तर सडपातळ माणसांतही सडपातळ. त्यांच्या प्रकृतीच्या जुन्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत त्यांची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ४६.७ किलो नोंदले आहे. आजच्या मापाने हे वजन कमीच भरते. मांसाहार नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, रोज मैलोगणती चालणे. आणि याच नोंदींत २६ ऑक्टोबर १९३७ रोजीचा रक्तदाब आहे १९४ आणि १३०. १९ फेब्रुवारी १९४० रोजीचा २२० आणि ११०. आज असा आकडा यंत्रावर दिसला तर कोणताही डॉक्टर रोग्याला घरी चालत जाऊ देणार नाही.

आता थोडे मागे जाऊ.

१९२४ हे साल गांधीजींच्या शरीराला कठीण गेले. जानेवारीत ते येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असतानाच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास. तो सुटल्यावर अडीच महिन्यांच्या आत ते बेळगावला आले, काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. सबंध आयुष्यात त्यांनी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले ते एकदाच, आणि ते आपल्या बेळगावात. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांनी त्या अधिवेशनासाठी जिवाचे रान केले, हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाने व्यवस्था सांभाळली. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. पुष्कळ विद्यार्थी तिच्यावरून रोज कॉलेजला जातात.

बेळगावच्या त्या थंडीत टाळ्यांच्या कडकडाटात बसलेला हा पंचावन्न वर्षांचा माणूस वरून ठणठणीत दिसत होता. त्याच्या रक्तवाहिन्यांत काय चालले आहे हे बाहेरून कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. रक्तदाबाची खरी अडचण हीच आहे. ताप आला की अंग तापते, दात किडला की ठणकतो. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहतो. डोके दुखले म्हणजे रक्तदाब आणि दुखत नाही म्हणजे नाही, ही समजूत चुकीची आहे. मोजल्याशिवाय तो कळत नाही. मोजायचे यंत्र इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले, आणि दंडावर पट्टी बांधून नळीने नाडीचे आवाज ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये दाखवली. म्हणजे १९२७ साली हे ज्ञान अवघे बावीस वर्षांचे होते.

त्या १९२७ सालाची सुरुवातच दुःखात झाली होती. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला होता. गौहातीची काँग्रेस आटोपून गांधीजी खादी आणि तिच्या निधीसाठी दौऱ्यावर निघाले. बिहार झाला, वऱ्हाड-खानदेश झाला, दक्षिण महाराष्ट्र झाला. १ मार्चला ते रत्नागिरीत होते, तेथे त्यांची सावरकरांशी भेट झाली. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते हरिद्वारजवळ गुरुकुल कांगडीच्या रौप्यमहोत्सवाला, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोल्हापुरात! हा प्रवास आगगाडीच्या डब्यातला. तोही मुक्कामागून मुक्काम, स्टेशनागणिक गर्दी, रात्री-बेरात्री जयजयकार. शिवाय साप्ताहिकांचे लेखन चुकत नव्हते. 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' यांचे अंक वेळेवर निघायचे होते, आणि आत्मकथेची प्रकरणे त्याच काळात 'नवजीवन'मधून आठवड्याला येत होती. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. पहाटे चारला उठण्याचा नेम तर मोडायचा नाहीच.

कोल्हापुरात एकाच दिवशी ओळीने सभा लावल्या होत्या. कार्यकर्त्यांचा उत्साह दांडगा, पाहुण्यावर प्रत्येकाचा हक्क. सार्वजनिक कामे करणाऱ्या माणसाला आपण असेच वागवतो. ही सवय अजून गेलेली नाही. तेथेच गांधीजींची प्रकृती बिघडली. तशाच अवस्थेत ते मोटारीने चाळीस किलोमीटरांवरच्या निपाणीला आले. निपाणीला रेल्वे तेव्हाही नव्हती. कोल्हापूर संस्थानाची हद्द ओलांडून बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, ते शिरले आणि पुढची पावले थांबली. चरित्रकारांनी या दुखण्याचे वर्णन पक्षाघाताचा सौम्य झटका असे केले आहे. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. कर्नाटकाचा ठरलेला दौरा पुढे ढकलला गेला. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून सावंतवाडी संस्थानातील आंबोलीचा थंड डोंगर, आणि एप्रिलमध्ये तेथून थेट म्हैसूर संस्थानातील नंदीदुर्ग, असा हा आजारी माणसाचा प्रवास झाला. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न होते.

या झटक्याची किंमत नीट समजून घेण्यासाठी रक्तदाब म्हणजे काय हे दोन शब्दांत सांगायला हवे. आपल्या भागात उसाला पाणी देणाऱ्याला हे लवकर समजेल. पंप पाणी ढकलतो आणि पाइप ते वाहून नेतो. पंपाचा जोर वाढला तरी पाइपात दाब वाढतो, आणि पाइप अरुंद किंवा ताठर झाला तरी वाढतो. हृदय हा पंप आणि रोहिण्या हे पाइप. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा. दवाखान्यात शांत बसवून वेगवेगळ्या दिवशी मोजला असता वरचा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे जात राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. पाइपात सतत जादा दाब राहिला की कमकुवत जागा फुटते. मेंदूतली रोहिणी फुटली किंवा गुठळीने बुजली की पक्षाघात. हृदयावर ओझे वाढले की त्याची भिंत जाड होते आणि पुढे ते थकते. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या झिजतात, डोळ्यांचा पडदा बिघडतो.

आणि याचे कारण? येथे शास्त्र प्रामाणिकपणे हात वर करते. शंभरांतील नव्वदांहून अधिक रोग्यांत कोणतेही एक कारण दाखवता येत नाही. थोड्यांत मूत्रपिंडाचा आजार, एखाद्या ग्रंथीचा विकार किंवा एखादे औषध कारण म्हणून सापडते. बाकीच्यांत अनेक गोष्टी मिळून काम करतात. आईवडिलांना असला तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. वयाबरोबर रोहिण्या ताठर होत जातात, म्हणून पन्नाशी-साठीनंतर तो अधिक आढळतो. वजन, मीठ, मद्य, तंबाखू, बसून राहणे, अपुरी झोप, मनावरचा ताण या गोष्टी त्यात भर घालतात.

गांधीजींपुरती ही यादी लावून पाहिली तर मोठी गंमत होते. वजन गळते. मद्य गळते. बसून राहणे गळते; साठी ओलांडलेला हा गृहस्थ १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे २४० मैल पायी गेला, तोही बरोबरच्या तरुणांची दमछाक करीत. तंबाखूही गळते. लहानपणी विडीची थोटके चोरून ओढल्याचे त्यांनी आत्मकथेत कबूल केले आहे, पण तो नाद तेथेच संपला आणि पुढे जन्मभर त्यांनी तंबाखूला विरोध केला. अशा माणसाचा दौरा थांबावा तो बिडीच्या तंबाखूसाठी सबंध देशात नाव असलेल्या निपाणीत, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही अर्थ काढू नये. पण निपाणीकरांनी तंबाखूबद्दल मात्र अर्थ काढावा. धूर ओढला की काही काळ रक्तदाब चढतो, नाडी वेगाने चालते, आणि वर्षानुवर्षांच्या धुराने रोहिण्यांची आतली बाजू खराब होते. रक्तदाब आणि तंबाखू एकत्र आले की हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका नुसता दुणावत नाही, तर फार वाढतो. आणि हे फक्त बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे दुखणे नाही. पहाटे चुलीपाशी मिसरी लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखूचे व्यसन आहे असे म्हणतच नाही. दात घासणे म्हणून ते खपते. निकोटीन मात्र हिरड्यांतून रक्तात जातेच.

मिठाचा प्रश्न तर अधिकच मजेचा. मिठासाठी देश पेटवणारा हा माणूस स्वतः मीठ फार कमी खाई. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांना मीठ आणि डाळी वर्ज्य करायला सांगायचे होते. त्या तयार होईनात तेव्हा गांधीजींनी स्वतः त्या सोडल्या. पुढे पुष्कळ वर्षे ते अळणी जेवले. १९१५ च्या हरिद्वार कुंभात त्यांनी दिवसाला पाचच पदार्थ खाण्याचे व्रत घेतले. अशा ताटात लोणचे-पापड कुठून येणार? आपल्या जेवणाकडे पाहा. भाकरीबरोबर खर्डा, वर सांडगी मिरची, बाजूला लोणच्याची फोड, आमटीत मीठ, आणि तरीही ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढल्याशिवाय पान पुरे होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ खा म्हणते, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी. भारतीय माणूस सरासरीने याहून बरेच जास्त खातो. जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, पाइपातले पाणी वाढते आणि दाबही वाढतो. मूत्रपिंडाची मीठ बाहेर टाकण्याची शक्ती ज्याची मुळात कमी, त्याला हे अधिक बाधते. बिनमिठाच्या माणसालाही रक्तदाब झाला, मग आम्ही मीठ का सोडावे, असा युक्तिवाद कोणी करील. त्याला उत्तर एवढेच की छत्री असूनही कोणी भिजला, म्हणून पावसात छत्री मोडून टाकायची नसते.

मग गांधीजींच्या बाबतीत उरले काय? वय उरले. आनुवंशिकता असू शकते. तिचा हिशेब लागत नाही. आणि उरले ते श्रम, अपुरी झोप आणि मनाचे ओझे. नुसत्या काळजीने माणसाला कायमचा रक्तदाब जडतो, असे शास्त्र ठामपणे म्हणत नाही. पण ज्याचा दाब आधीच चढता आहे, त्याचा तो मनस्तापाने उसळी घेतो, हे मात्र नक्की. राग, धास्ती, अपमान यांनी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात, हृदय जोराने धडधडते आणि रोहिण्या आवळतात. गांधीजींच्या आयुष्यात हे इतक्या उघडपणे दिसते की वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ते अवश्य वाचावे.

नंदीदुर्गावर सुमारे दीड महिना त्यांनी विश्रांती घेतली. जवळजवळ पाच हजार फुटांची उंची, थंड हवा, सभा नाहीत, दर्शनाला झुंबड नाही. ते हळूहळू चालू फिरू लागले, जूनमध्ये बंगलोरला उतरले आणि ऑगस्टपर्यंत तेथे राहून मग पुन्हा दौऱ्याला लागले. औषध म्हणावे असे काही नव्हते. सबंध जगातच नव्हते. झोप, शांतता, आहार आणि काम कमी करणे, एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते. या माणसाला त्यांतला शेवटचा सोडून सगळे मान्य होते.

यानंतर आठ वर्षांनी तेच पुन्हा घडले. १९३४ पासून गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहू लागले होते, ग्रामोद्योग संघाचे काम अंगावर घेतले होते. डिसेंबर १९३५ मध्ये ते तेथे कोसळले. रक्तदाब बराच वाढलेला आढळला. काही महिने काम बंद, भेटी बंद, आणि सरदार पटेलांचा तुरुंगाधिकाऱ्यासारखा पहारा! मे १९३६ मध्ये पुन्हा नंदीदुर्ग. तेथून परतल्यावर ते शेगावला म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला गेले. खेड्यातल्या झोपडीत राहायचे, आणि त्याच झोपडीत व्हाइसरॉयची पत्रे, काँग्रेसची भांडणे, आश्रमातल्या माणसांची रुसवेफुगवी सगळे यायचे. पोटावर आणि कपाळावर ओल्या मातीची पट्टी, कच्चा लसूण, सोमवारचे मौन, असे त्यांचे स्वतःचे उपचार चालत. मातीच्या पट्टीची पुष्कळांनी थट्टा केली. मातीत औषध असो वा नसो, ती लावून तासभर डोळे मिटून पडावे लागते. आणि तो तास कोणी हिरावून घेऊ शकत नाही, हा तिचा गुण मला मोठा वाटतो.

एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन आपल्याच हुदलीत भरले, तेव्हा गांधीजी पुन्हा या मातीत आले. गंगाधररावांचे गाव, खादीचे केंद्र, उन्हाळ्याचे दिवस. त्या वेळी प्रकृतीने साथ दिली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याच्या मुक्कामात रक्तदाब भडकला. वर दिलेला १९४ चा आकडा त्या दिवसांतला. डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्यासारखे धन्वंतरी उशाशी होते. डिसेंबरात मुंबईजवळ जुहूला समुद्रकाठी विश्रांती घ्यावी लागली.

आणि पुढल्या मार्चात संघाचे पुढचे संमेलन ओरिसात पुरीजवळ डेलांग येथे भरले. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात तेव्हा हरिजनांना प्रवेश नव्हता, आणि जेथे त्यांना प्रवेश नाही तेथे आपणही जायचे नाही, हा गांधीजींचा नियम. कस्तुरबा, महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन आणि आणखी काही मंडळी पुरी पाहायला गेली आणि भक्तिभावाने गाभाऱ्यात जाऊन आली. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांना अतोनात क्लेश झाले. आपल्या घरच्या माणसांनाच आपण समजावू शकलो नाही, हे शल्य. दोष त्यांनी महादेवभाईंना दिला, महादेवभाई काम सोडून जायच्या गोष्टी बोलू लागले. आणि गांधीजींचा रक्तदाब चढला तो चिंता वाटण्याइतका. न कोणी मारले, न कोणी शिवी दिली; बायको देवळात गेली एवढेच! मनाचा आणि नाडीचा संबंध सांगायला याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही.

महादेवभाईंचे नाव निघाले म्हणून त्यांच्याबद्दल थोडे. हा माणूस गांधीजींहून बावीस वर्षांनी लहान. गांधीजी शेगावला गेल्यावरही ते काही काळ मगनवाडीत राहिले आणि वैदर्भीय उन्हात सुमारे पाच मैल पायी शेगावला जाऊन संध्याकाळी परत येत. कामाला अंत नव्हता. १९३८ मध्ये अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, पण त्यांना खरी विश्रांती कधी मिळालीच नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झाली आणि १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान राजवाड्यात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय पन्नास. गांधीजींना सक्तीने झोपवायला सरदार होते, डॉक्टर होते, सबंध देश होता. महादेवभाईंना कोणी झोपवायचे? गांधीजींच्या थोरवीबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा प्रश्न मनात येतो, आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. ज्याच्या नावाने दौरे थांबत नाहीत, अशा माणसाचा रक्तदाब कोणी मोजत नाही. आपल्या गावात बिड्यांच्या हजाराच्या हिशेबावर जगणाऱ्या बाईचाही तो कोणी सहसा मोजत नाही. तिने दवाखान्यासाठी एक दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी जाते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे गांधीजींहून बारा वर्षांनी लहान. पोलिओमुळे चालणे अशक्य, सिगारेटचे व्यसन, आणि महायुद्धाचे ओझे. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ डॉ. ब्रूएन यांनी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब होता १८६ आणि १०८. तो कमी करील असे औषध अमेरिकेच्या अध्यक्षालाही मिळाले नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळचा दाब ३०० आणि १९० नोंदला गेला, आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वय ६३. गांधीजींचे आकडे रूझवेल्टांच्या १९४४ च्या आकड्यांहून कमी नव्हते. तरी निपाणीच्या झटक्यानंतर ते जवळजवळ एकवीस वर्षे जगले. साधे जेवण, चालणे, कमी मीठ आणि तंबाखूचा अभाव यांचे फळ कोठे मिळाले असेल तर ते येथे, असे म्हणायला जागा आहे. दोन माणसांच्या तुलनेवरून सिद्धान्त काढू नये हे खरे. पण पुढच्या काळात हजारो रोग्यांच्या अभ्यासातून वैद्यकाने जे सांगितले ते याच्याशी जुळते.

आगाखान राजवाड्यातील कैदेत डॉ. सुशीला नय्यर त्यांच्याजवळ होत्या. तेथेच त्यांनी १९४२ मध्ये आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले. तेथेच १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, एकवीस दिवसांचा उपवास पार पाडला. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. मे महिन्यात सुटका झाल्यावर पुन्हा जुहू, मग पाचगणी. सप्टेंबरात मुंबईला जिनांशी दोन आठवड्यांहून अधिक काळ वाटाघाटी, त्या निष्फळ. त्यानंतर नोआखालीची पायपीट, बिहार, कलकत्ता, दिल्ली. सत्त्याहत्तराव्या वर्षी नोआखालीच्या ओल्या वाटांवर अनवाणी चालणाऱ्या या माणसाच्या दंडावर त्या दिवसांत कोणी पट्टी बांधली असती, तर काय आकडा आला असता कोण जाणे.

३० जानेवारी १९४८ रोजी गोळ्या लागून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रोग्यांवर केलेला प्रयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच या मुळीकडे लक्ष वेधले होते, पण ते भारताबाहेर फारसे पोहोचले नव्हते. वकिलांच्या लेखानंतर सबंध जग या झुडपाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. आज रेसर्पिन मागे पडले. त्याहून सौम्य आणि भरवशाच्या गोळ्या आल्या, आणि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. सर्पगंधा मात्र पश्चिम घाटात अजून उगवते. पांढरट-गुलाबी फुले आणि तांबडे देठ असलेले हे हातभर उंचीचे झुडूप आहे. १९२७ च्या एप्रिलात गांधीजी ज्या आंबोलीच्या डोंगरात विश्रांती घेत होते, तो डोंगर त्याच घाटातला.